टेसची 'शुद्धता' आणि देसाईगंजचा खटला

१/ इ.स. १८९१. थॉमस हार्डी यांची 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' ही इंग्रजी कादंबरी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकपृष्ठावर एक उपशीर्षक होते : 'एक शुद्ध स्त्री'. नायिका कुमारी माता होते आणि अखेर खुनाबद्दल फासावर जाते. अशा स्त्रीला शुद्ध म्हणणे हे त्या काळच्या इंग्रज समाजाला दिलेले उघड आव्हान होते.

२/ टेस ही गरीब घरातली किशोरवयीन मुलगी. ज्याच्या घरी ती कामाला राहते, तो श्रीमंत अॅलेक एका रात्री तिला 'चेस' नावाच्या जुन्या अरण्यात नेतो. ती थकून झोपी जाते. पुढे काय झाले, ते हार्डी सांगत नाहीत. 'ग्राफिक' साप्ताहिकात कादंबरी क्रमशः छापली गेली तेव्हा तर हा प्रसंग काढून तेथे खोट्या लग्नाची क्लृप्ती घालावी लागली.

३/ कादंबरीचे मर्म मात्र अरण्यात नाही, लग्नाच्या रात्रीत आहे. नवरा एंजल आपल्या पूर्वायुष्यातील चुकीची कबुली देतो. टेस क्षमा करते. मग ती आपली हकीकत सांगते. तो तिला सोडून जातो. अपराध अॅलेकचा, पण चौकशी टेसच्या चारित्र्याची. हार्डींचा आक्षेप या न्यायपद्धतीवर आहे.

४/ म्हणून या कादंबरीच्या प्रत्येक चित्रपटाला एकच कसोटी लावली पाहिजे : तो कोणाची चौकशी करतो? १९६७ मध्ये डी. डी. कश्यप यांनी नूतनला घेऊन तिचे हिंदी रूपांतर केले. नाव ठेवले 'दुल्हन एक रात की'. हार्डींचे उपशीर्षक सांगते की त्या एका रात्रीवरून या स्त्रीची ओळख ठरत नाही. हिंदी नाव तिची ओळख नेमकी त्या रात्रीवरूनच ठरवते.

५/ १९७९ मध्ये रोमन पोलान्स्की यांचा 'टेस' आला. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि वेशभूषा यांसाठी त्याला तीन ऑस्कर मिळाले. चित्रपट देखणा आहे, यात वाद नाही. पण टेसचे दुःख इतके रम्य दिसते की प्रेक्षक हळहळतो, संतापत नाही. अरण्यातली रात्र धुक्यात विरते आणि तिच्याबरोबर प्रश्नही विरतो.

६/ येथे दिग्दर्शकाचा इतिहासही नजरेआड करता येत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलीशी बेकायदा शरीरसंबंध ठेवल्याची कबुली पोलान्स्कींनी न्यायालयात दिली होती. शिक्षा सुनावली जाण्यापूर्वीच १९७८ मध्ये ते देश सोडून गेले. इंग्लंडमध्ये घडणारी ही कथा त्यांनी फ्रान्समध्ये चित्रित केली. स्टोनहेंजही तेथेच नव्याने उभारले.

७/ त्याच १९७८ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जवळजवळ हाच प्रश्न होता, आणि तो कादंबरीतला नव्हता. स्थळ : वैनगंगेकाठचे देसाईगंज, म्हणजेच वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला. तोवर हा सारा जंगलपट्टा चंद्रपूर जिल्ह्यातच होता.

८/ २६ मार्च १९७२ची रात्र. भावाच्या तक्रारीवरून जबाबासाठी पोलीस ठाण्यात आलेल्या एका आदिवासी मजूर मुलीने बाहेर येताच सांगितले की ठाण्यातच आपल्यावर अत्याचार झाला. ती अनाथ होती. वैद्यकीय अंदाजानुसार वय चौदा ते सोळा. हा खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. पीडितेचे नाव उघड करण्यावर बंदी घालणारे कलम पुढे १९८३ मध्ये आले. त्याचा मान राखून ते नाव येथे दिलेले नाही.

९/ १ जून १९७४ रोजी चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती आणि ती खोटारडी आहे, असा निष्कर्ष काढला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ रोजी तो निकाल फिरवला : भीतीपोटी शरीर निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे.

१०/ १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, याला मोठे महत्त्व दिले गेले. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, खाकी गणवेशापुढे एक निराधार मुलगी किती प्रतिकार करू शकते, या प्रश्नाला त्या निकालात जागा मिळाली नाही.

११/ सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. संमती आणि शरणागती यांत भेद आहे, हा त्यांचा मुद्दा. १९८०च्या ८ मार्चला अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला : पोलीस कोठडीत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर तसेच गृहीत धरावे. स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष खोडण्याची मुभा २००३ मध्ये गेली. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे २०१३ मध्ये कायद्यात लिहिले गेले. त्या मुलीच्या खटल्याचा निकाल मात्र तसाच राहिला.

१२/ पोलान्स्कींचा 'टेस' अवश्य पाहावा. पण हार्डी समजून घ्यायचे तर त्यानंतर चंद्रपूर, नागपूर आणि दिल्ली येथील हे तीन निकाल क्रमाने वाचावेत. एंजलने टेसला विचारलेला प्रश्नच चंद्रपूरच्या न्यायालयाने त्या मुलीला विचारला होता. तो प्रश्न चूक आहे, हे हार्डींनी १८९१ मध्ये लिहिले. आपल्या कायद्याला ते मान्य करायला आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्याची सुरुवात वैनगंगेकाठच्या एका मुलीने ठाण्याबाहेरच्या लोकांपुढे तोंड उघडले तेव्हा झाली.