स्क्वॉड्रनची वही

सर्वपित्री अमावास्येस आमच्या घरीं एक जुना नेम आहे. आपल्या कुळांतील नांवें घेऊन झालीं, म्हणजे ज्यांच्या मागें पाणी द्यावयास कोणी उरलें नाहीं, त्यांच्याकरितांहि एक ओंजळ सोडावयाची. सन २०२५ मध्यें ही अमावास्या २१ सप्टेंबरला आली. भटजी उठून गेल्यावर काकांनीं आपली लोखंडी ट्रंक उघडली, निळ्या पुठ्ठ्याची एक वही काढली आणि तींतील नांवें हलक्या आवाजांत वाचलीं. त्यांत आमच्या गोत्राचें एकहि नांव नव्हतें. कोणी शीख, कोणी मल्याळी ख्रिस्ती, एक लखनौकडील मुसलमान, दोघे आपल्या खानदेशांतले. तीं सारीं काकांच्या स्क्वॉड्रनमधील माणसांचीं नांवें होतीं.

आमचे काका १९६४ सालीं वायुदलांत फिटर म्हणून लागले आणि पंधरा वर्षांची नोकरी पुरी करून १९७९ मध्यें नरडाण्यास परत आले. विमान त्यांनीं कधीं उडविलें नाहीं. दुसऱ्यानें तें निर्धास्तपणें उडवावें म्हणून रात्री जागून त्याचे सांधे मात्र तपासले. त्यांचें विमान मिग-२१. तें आपल्याकडील लोकांस अगदींच परकें नव्हे. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यांत त्याची बांधणी होत असे. आमच्या गांवावरून सुरत-भुसावळ रेल्वे जाते, मुंबई-आग्रा रस्ताहि जातो. पण फौजेची नोकरी संपली, कीं माणूस आपल्या पथकाला अंतरतो. तें अंतर काकांच्या बाबतींत एका मंडळानें कधीं पडूं दिलें नाहीं.

सबंध वायुदलाच्या निवृत्तांची 'एअर फोर्स असोसिएशन' ही संस्था १९८० सालीं निघाली. तिच्या शाखा प्रांतोप्रांतीं आहेत. कर्नाटकांतील शाखा, १९८५ सालीं पदावर असतांनाच वारलेले वायुदलप्रमुख लक्ष्मण माधव कात्रे यांच्या स्मरणार्थ बंगळुरास व्याख्यान ठेवते. याशिवाय एकेका स्क्वॉड्रनच्या जुन्या माणसांचीं आपापलीं लहान मंडळें असतात. काकांचें मंडळ त्यांतलेंच. वर्षाचा त्याचा क्रम ठरलेला. स्क्वॉड्रनच्या वर्धापनदिनीं संमेलन. त्यांत अधिकारी आणि शिपाई एका मांडवांत जेवतात, त्याला 'बडाखाना' म्हणतात. ८ ऑक्टोबर हा वायुदलाचा दिवस, कारण १९३२ सालीं त्या दिवशीं तें स्थापन झालें. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधि. १४ जानेवारीस माजी सैनिकांचा दिवस. अधूनमधून एक पत्रक येतें. काका तें शेवटच्या पानापासून वाचूं लागतात, कारण कोण गेला तें त्या पानावर असतें.

आम्ही मुलें पूर्वीं या सगळ्याची थट्टा करीत असूं. जुन्या गप्पा मारावयास एवढ्या लांबचा प्रवास कशाला, असें वाटे. तो समज दोन गोष्टींनीं गेला.

पहिली गोष्ट स्क्वॉड्रनच्या स्वभावाचीच आहे. विमानें जुनीं झालीं आणि नवीं मिळालीं नाहींत, तर स्क्वॉड्रन मोडतात आणि तिचा क्रमांक बाजूला ठेवतात. १९७१ च्या युद्धांत श्रीनगरवर आलेल्या विमानांशीं एकटे झुंजून १४ डिसेंबरला धारातीर्थीं पडलेले निर्मलजित सिंग सेखों अठराव्या स्क्वॉड्रनचे. वायुदलास आजवर मिळालेलें परमवीरचक्र तेवढें एकच. तीच स्क्वॉड्रन २०१६ मध्यें मोडली आणि २०२० मध्यें 'तेजस' विमानें घेऊन पुन्हां उभी राहिली. मधल्या चार वर्षांत तिला ना तळ होता, ना विमान. ती होती तेवढी तिच्या जुन्या माणसांच्या मनांत.

दुसरी गोष्ट घराजवळची. मंडळाच्या सर्व उपक्रमांत अगदीं कंटाळवाणा म्हणजे दरवर्षीं पत्ते ताडून पाहण्याचा. ज्याच्या-त्याच्या जिल्ह्यांतील सोबत्यांचीं, आणि सोबती गेला असेल तर त्याच्या पत्नीचीं, नांवें वाटून दिलेलीं असतात. पत्र घालावयाचें, उत्तर न आल्यास स्वतः जाऊन यावयाचें. २०२२ च्या उन्हाळ्यांत एका पत्राला उत्तर आलें नाहीं, म्हणून काका एसटीनें त्या गांवीं गेले. सोबती वारून दीड वर्ष झालें होतें. मुलगे सुरतेस कामाला, आणि बाई दिराच्या घरीं पडेल तें काम करीत होती. कुटुंबपेन्शन म्हणून शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम तिला मिळावयाची, ती सुरूच झाली नव्हती.

कारण काय म्हणाल, तर आपलीच रीत! लग्नांत नवरदेव तांदळांत अंगठीनें वधूचें नवें नांव लिहितो. नवऱ्यानें नोकरीच्या कागदांत लिहिलें होतें माहेरचें नांव; आधार कार्डावर आणि बँकेंत होतें सासरचें. कचेरीच्या हिशेबीं या दोन निरनिराळ्या बायका ठरल्या. प्रतिज्ञापत्र, राजपत्रांतील नोंद, अभिलेख कार्यालयाशीं पत्रव्यवहार असें करतां करतां अकरा महिने गेले. पेन्शन सुरू झाली त्या दिवशीं त्या बाईनें काकांना फोन केला. बोलली कांहींच नाहीं, नुसती रडली.

इतकें झालें तरी काकांनीं स्वतःची ट्रंक मात्र त्या नजरेनें उघडली नाहीं. मीं एकदां विषय काढला, तेव्हां आमची आईच म्हणाली, "भरल्या घरांत असलें काय बोलावयाचें, भाऊजी आहेत ना धडधाकट!" आणि विषय तेथेंच थांबला.

त्या अमावास्येनंतर पांच दिवसांनीं, नवरात्रांत, २६ सप्टेंबरला चंडीगडास मिग-२१ ला निरोप दिला. १९६३ पासून ६२ वर्षें तें विमान वायुदलांत होतें. आम्ही सर्वांनीं तो सोहळा टेलिव्हिजनवर पाहिला. काका शेवटपर्यंत ताठ बसून होते. मग म्हणाले, "यंत्रच तें, एक दिवस जावयाचेंच. पण त्याची नोंद बघ कशी पुरी ठेवली. माझी ट्रंक आण पाहूं."

डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा हुकूम बाहेर निघाला. काकूचें नांव त्यांत माहेरचेंच होतें.

ज्यांनीं दुसऱ्यांचीं घरें पालथीं घातलीं, त्यांच्याच घरांत हें! पण या वेळीं काका स्वतः हयात होते; अर्ज त्यांच्या सहीचा, प्रतिज्ञापत्र दोघांचें. पुढल्या फाल्गुनांत दुरुस्तीचें पत्र आलें. काकू चष्मा लावून तें वाचीत म्हणाली, "अहो, म्हणजे तांदळांत लिहिलेलें नांव आतां सरकारलाहि ठाऊक झालें म्हणावयाचें!" काका म्हणाले, "ठाऊक झालें, पण साठीच्या घरांत आलेल्या संसाराला उशीरच झाला."

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कोणी ना कोणी फौजेंत, रेल्वेंत वा शाळाखात्यांत नोकरी केलेले वडील माणूस असेल. त्यांच्या कागदांत पत्नीचें नांव काय आहे, तें आधार कार्डाशीं आणि बँकेच्या पुस्तकाशीं अक्षरशः जुळतें कीं नाहीं, जन्मतारीख एकच आहे कीं नाहीं, आणि पेन्शनच्या हुकुमांत पत्नीची नोंद आहे ना, एवढें वडिलांच्या समक्ष एकदां पाहून घ्यावें. वर्षाच्या हयातीच्या दाखल्याचे वेळीं हें सहज होतें. त्यांत अशुभ कांहीं नाहीं. आमच्या आईनेंहि परवां आपण होऊन बाबांची फाईल मजपुढें आणून ठेवली.

काकांना आतां प्रवास झेपत नाहीं. यंदाचें पत्ते ताडण्याचें काम त्यांनीं मजकडे दिलें आहे. धुळें आणि जळगांव जिल्ह्यांतील नऊ नांवें आहेत. सहांचीं उत्तरें आलीं, तिघांकडे जावयाचें आहे.