‘सत्कार’ इंग्रजीत कसा करायचा?

हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्यासारख्या गावात शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला येते, तेव्हा पारावरचा माणूस सरकारला शिव्याच देतो असं नाही. तो म्हणतो, ‘लय उपकार झाले बाबा सायबांचे!’ हळदीचा भाव पडला की वसमतच्या मोंढ्यातून परतताना तोच म्हणतो, ‘औंदा बंगलाच बांधतो बघा.’ ऐकणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही. हीच वाक्यं शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेली, की वाचकापुढे एक कृतज्ञ शेतकरी उभा राहतो आणि त्याच्या हातात घराचा नकाशाही असतो. यावर उपाय म्हणून वाक्यापुढे ‘तो उपरोधानं म्हणाला’ असं जोडण्याची आपल्याकडे सर्रास रीत आहे. वाक्य मेलं असेल तर ही जोड त्याला जिवंत करत नाही, आणि जिवंत असेल तर मारून टाकते. उपरोधात बोललेलं आणि सांगायचं यांत एक फट असते, ती ऐकणाऱ्यानं स्वतः ओलांडायची असते. भाषांतरकारानं ती फट राखली पाहिजे. अर्थ सांगण्याच्या उत्साहात तो नेमकी तीच बुजवतो.

अडचण कुठे आहे, हे जर्मनशी ताडून पाहिलं तर लवकर कळतं. (जर्मनांना विनोद कळत नाही, ही इंग्रजांनी जपलेली समजूत आहे, तिच्यावर विसंबू नये.) घोळ झाला की जर्मन माणूस ‘श्योने बेशेरुंग’ म्हणतो. बेशेरुंग म्हणजे नाताळच्या आदल्या संध्याकाळी भेटी वाटण्याचा समारंभ, आणि श्योने म्हणजे सुंदर. अशा वेळी आपण ‘चांगले दिवे लावलेस’ म्हणतो, इंग्रज ‘अ फाइन मेस’ म्हणतो. तिन्ही भाषांनी चांगलाच शब्द उलटा करून वापरला आहे, म्हणजे नामं-विशेषणं फारशी आडवी येत नाहीत. आडवे येतात ते चिमुकले शब्द. ‘दास कान या हायटर वेर्डेन’, म्हणजे आता चांगलीच मजा येणार. या जर्मन वाक्यातली सगळी खोच ‘या’ या एका अक्षरात आहे, आणि आपल्याकडे तेच काम ‘च’, ‘की’, ‘म्हणे’ करतात. ‘साहेब म्हणे येणार आहेत’ या वाक्यात साहेब येण्याची शक्यता किती, हे ‘म्हणे’नं सांगून टाकलेलं असतं. त्यात आपली आदरार्थी रूपं. एरवी ‘तू’ म्हणण्यातल्या माणसाला अचानक ‘या, बसा, आपण थोर’ म्हटलं की त्याला घाम फुटतो. इंग्रजीला यातलं काहीच नाही, तिथे सगळ्यांना एकच ‘यू’. मग ती खोच वाक्यात दुसरीकडे कुठेतरी रोवावी लागते. अतिनम्रता हे इंग्रजीचं जुनं हत्यार आहे. ‘हाऊ व्हेरी थॉटफुल ऑफ देम’ म्हटलं, तर पारावरचे ते उपकार जवळजवळ जसेच्या तसे पोचतात आणि ‘उपरोधानं’ लिहावं लागत नाही.

उपरोध भाषांतरात टिकतच नाही, असं म्हणणाऱ्यांनी एका नाटकाचा प्रवास पाहावा. जॉन गे यांचं ‘बेगर्स ऑपेरा’ लंडनमध्ये १७२८ साली आलं. एलिझाबेथ हाउप्टमान यांनी ते जर्मनमध्ये नेलं, आणि त्यावरून बर्टोल्ट ब्रेख्त यांनी कुर्ट वाइल यांच्या संगीतासह १९२८ साली बर्लिनमध्ये ‘द्रायग्रोशनओपर’ उभं केलं. पन्नास वर्षांनी पु. ल. देशपांडे यांनी त्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला आणि जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनात थिएटर अकॅडमीनं तो रंगमंचावर आणला. लंडनचं गाण्यांचं नाटक, बर्लिनचा कॅबरे, पुण्याचा तमाशा असं रूप दर वेळी बदललं. ब्रेख्तकडे शेवटी राणीचा घोडेस्वार येतो आणि फाशीच्या दारातल्या गुंडाला माफी, शिवाय सरदारकी, गढी आणि तनखा देऊन जातो. हे दृश्य कोणत्याही भाषेत टोचतं, कारण तिथला उपरोध प्रसंगाच्या बांधणीत आहे. पण बांधणीच्या भरवशावर शब्दांकडे दुर्लक्ष केलेलंही चालत नाही. हेच जर्मन नाटक १९३३ साली ब्रॉडवेवर इंग्रजीत आलं आणि बारा प्रयोगांत गुंडाळलं गेलं. १९५४ साली मार्क ब्लिट्झस्टाइन यांच्या इंग्रजी रूपांतराचे न्यूयॉर्कमध्ये पुढे अडीच हजारांवर प्रयोग झाले. मधल्या वीस वर्षांत प्रेक्षक बदलला होता, नाट्यगृह छोटं होतं, लोट्टे लेन्यासारखी गायिका होती. सगळं श्रेय भाषांतराला देता येणार नाही. तरी ब्लिट्झस्टाइन स्वतः संगीतकार होते आणि गाण्यातला ठोका कुठे पडतो हे त्यांना कळत होतं. उपरोध हा बराचसा ठोक्याचाच खेळ आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूनं येतो. इंग्रजी सहज वाटायला हवी, तर सरळ तिथलीच म्हण का घेऊ नये? कारण ‘अ प्रिटी केटल ऑफ फिश’ असं हट्ट्याचा हळदवाला म्हणू लागला, तर तो हट्ट्याचा राहत नाही. सहज इंग्रजी म्हणजे लंडनची इंग्रजी नव्हे. साधे, रोजचे, कोणत्याही गावाचा शिक्का नसलेले शब्द घ्यावेत आणि खोच वाक्यरचनेत ठेवावी, एवढं इंग्रजीत सहज होण्यासारखं आहे. तळटीप मला चालते, पण माहितीसाठी. मोंढा म्हणजे काय, हे खुशाल खाली सांगावं. बोलणारा चिडला आहे हे तळटिपेत सांगायची वेळ आली, तर वर भाषांतर झालेलंच नाही.

हा केवळ साहित्यिकांचा प्रश्न असता, तर वर्तमानपत्रात मांडायची गरज नव्हती. हिंगोली जिल्ह्यातली प्रकरणं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जातात आणि तिथे मराठी जबाब इंग्रजीत वाचले जातात. ‘येऊ द्या त्याला, चांगला सत्कारच करतो,’ असं कुणी म्हटल्याचं जबाबात आहे, असं समजा. ‘फेलिसिटेट’ लिहिलं तर धमकी नाहीशी होते. ‘थ्रॅश’ लिहिलं तर भाषांतरकारानं परस्पर निकाल देऊन टाकला, कारण माणूस खरंच हारतुरे घेऊन बसला होता की काठी घेऊन, हे ठरवणं न्यायाधीशाचं काम. इथे ‘उपरोधानं’ हा शब्द निव्वळ वाईट शैली राहत नाही, तो पुरावा बनतो. ‘आय विल गिव्ह हिम अ प्रॉपर वेलकम’ या वाक्यात हार आणि काठी दोन्ही शिल्लक राहतात. अचूकतेच्या नावाखाली शब्दाला शब्द ठेवावा असं कुणी म्हणेल. त्यासाठी मूळ मराठी वाक्य शेजारी द्यावं, ते रास्तच आहे. पण इंग्रजी वाक्यानं दोन अर्थांतला एक परस्पर खोडू नये. राज्याच्या भाषा संचालनालयानं परिभाषा कोश पुष्कळ काढले, त्यांत कायद्याच्या संज्ञांना प्रतिशब्द मिळतात. साक्षीदार मात्र संज्ञांमध्ये बोलत नाही. तो ‘पूजा बांधतो’, ‘प्रसाद देतो’, ‘पांग फेडतो’. अधिकृत भाषांतरकारांच्या परीक्षेत अशा पाच-दहा वाक्यांचा एखादा प्रश्न घालायला नव्या कोशाची वाट पाहावी लागणार नाही.