बिनतारी जोडणीमागची तार

शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी'वर, शिक्षकांची वेतनदेयके 'शालार्थ'वर, सातबारा 'महाभूलेख'वर. शासनाचा बराचसा व्यवहार आता संगणकाच्या पडद्यावर आला आहे. अशा वेळी भंडारा जिल्ह्यातील मोहाडीसारख्या तालुक्याच्या गावी लॅपटॉप वायफायच्या बिनतारी जाळ्याशी जोडता येणे ही चैन राहिलेली नाही. लॅपटॉपला बहुधा सिमकार्डाची सोय नसते. मग विद्यार्थी फोनचा हॉटस्पॉट लावतो आणि दिवसभराचा डेटा एका कामात संपवून बसतो.

'बिनतारी' हा शब्द मात्र फसवा आहे. तार नसते ती केवळ अखेरच्या शे-दीडशे फुटांत. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंत ओलांडून थोडी लांब जाते. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण जवळचीच. त्यांच्यामागची केबल तुटली असेल, तर जोडणी झाल्याची खूण दिसूनही पान उघडत नाही. वीज गेली, तर ती खूणही दिसत नाही.

योजनांची वाण नाही. ग्रामपंचायतींपर्यंत केबल नेण्याच्या २०११ च्या योजनेचे पुढे 'भारतनेट' झाले. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या 'पीएम-वाणी'नुसार साधा किराणा दुकानदारही परवान्याविना वायफाय पुरवू शकतो. तथापि, २०१६ मध्ये 'डिजिटल गाव' म्हणून गाजलेल्या मेळघाटातील हरिसालच्या सोयी चालू आहेत की नाहीत, यावर २०१९ च्या निवडणूक प्रचारात जाहीर वाद झाला. उद्घाटनानंतरची देखभाल हाच खरा प्रश्न आहे.

भंडारा जिल्ह्याला हा धडा नवा नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. गाळ कोणी काढायचा हे मात्र अनिश्चित राहिले. तलाव गाळाने भरत गेले. मालकी सर्वांची आणि जबाबदारी कोणाचीच नाही, अशी संपत्ती टिकत नाही.

एका घराला जड जाणारा जोडणीचा खर्च शंभर वाचकांत वाटला, तर नगण्य होतो. म्हणून वाचनालय, महाविद्यालय व नगरपंचायत येथे सामाईक जोडणी असावी. तिच्यासाठी बॅटरी, तक्रारवही आणि एक जबाबदार कर्मचारी नेमलेला असावा. अल्प शुल्क आकारून गरीब विद्यार्थ्यांना सूट द्यावी. अंदाजपत्रकात यंत्राच्या किमतीशेजारी दरवर्षीच्या दुरुस्तीची रक्कम लिहिलेली नसेल, तर ती योजना मंजूरच करू नये.