मुक्काम हरवलेला प्रवास

‘राहणे’ हे मराठीतील एक साधे, घरगुती क्रियापद आहे. एखाद्या ठिकाणी वस्ती करणे हा त्याचा एक अर्थ. मागे उरणे, हातून निसटणे हा दुसरा. सुटीच्या दिवसांत जयपूरच्या बाजारांतून जे मराठी कानी पडते, त्यात या दोहोंपैकी दुसराच अर्थ शिल्लक असल्याचे दिसते. आमेर झाले, हवामहाल झाला, जलमहाल जाता जाता झाला. जंतरमंतर तेवढे राहिले! शहरे ही आता ‘होण्याची’ आणि ‘राहून जाण्याची’ वस्तू झाली आहेत. जयपूर राहिले, असे हळहळून सांगणारे पुष्कळ भेटतात. जयपूरला राहिलो, असे सांगणारा क्वचितच भेटतो. व्याकरणातील हा बदल वरकरणी क्षुल्लक वाटेल. माझ्या मते तो आपल्या प्रवासातील आणि प्रवासवाङ्मयातील एका मोठ्या ऱ्हासाचा निदर्शक आहे.

या धावपळीवरचा उतारा म्हणून अलीकडे ‘निवांत सहल’ नावाचा नवा प्रकार पुढे आला आहे. आठ दिवसांत सहा शहरे पाहून थकलेल्या मध्यमवर्गाला आता स्वास्थ्य हवे आहे, आणि बाजार ते पुरवायला तत्पर आहे. पण या निवांतपणाचा तपशील पाहावा, तर तीही एक यादीच! जुन्या शहरातील गल्ल्या म्हणून जयपूर, पाण्याचा काठ म्हणून उदयपूर, आणि मुखवटा लावून समुद्राच्या तळाशी प्रवाळ पाहायचे म्हणून मालवण. किल्ले आणि राजवाडे यांच्या जागी गल्ल्या, घाट आणि प्रवाळ आले. ‘झाले’ आणि ‘राहिले’ यांचा हिशेब तसाच राहिला. निवांतपणा हा यादीत घालण्याचा जिन्नस नव्हे, तो यादीतून काही वगळल्याखेरीज हाती लागत नाही, एवढी साधी गोष्ट येथे विसरली जाते.

ही गोष्ट आपण परक्यांकडून शिकण्याचे कारण नाही. मराठी गद्याच्या आरंभीच तिची शिकवण आहे. ‘लीळाचरित्र’ हा ज्या ग्रंथाचा आपण आद्य गद्य चरित्र म्हणून गौरव करतो, तो एका अर्थी अखंड भ्रमंतीचाच ग्रंथ आहे; आणि चक्रधरांच्या पावलांनी पुनीत झालेल्या स्थळांची नोंद ठेवणारी महानुभावांची ‘स्थानपोथी’ हे मराठीतील स्थलवर्णनाचे पहिले शिस्तबद्ध उदाहरण आहे. या परंपरेने स्थळांची प्रतवारी कशी केली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जेथे पुष्कळ दिवसांचा मुक्काम घडला ते अवस्थान. जेथे रात्र काढली ती वसती. जेथे घटकाभर टेकणे झाले ते आसन. देऊळ किती उंच, कोणत्या राजाने बांधले, यापेक्षा तेथे किती काळ थांबणे झाले, हा येथे वर्गीकरणाचा निकष आहे. त्यामागील श्रद्धा ज्याची त्याने मानावी. परंतु प्रवासाचे मोजमाप मुक्कामाने करावे, हा विचार कोणाही विवेकी प्रवाशाला पटेल असा आहे. आजच्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेला हे माप लावले, तर तिच्यात अवस्थान कोठेच नाही, वसती केवळ झोपेपुरती आहे, आणि बाकी सारी आसनेच आसने, तीही बहुधा बसमधली.

जयपूरचेच उदाहरण घेण्याचे कारण असे, की हे शहर स्वतः एका आखणीतून जन्मले आहे. १७२७ साली सवाई जयसिंहाने त्याचा पाया घातला. विद्याधर भट्टाचार्य यांच्या रचनेनुसार चौकड्या पडल्या, मुख्य रस्ते १११ फूट रुंद आणि त्यांखालोखाल ५५, २७ व १३ फुटांचे रस्ते-गल्ल्या अशी उतरती भाजणी ठरली. १११ फुटी रस्ता मिरवणुकीचा आणि व्यापाराचा. तेरा फुटी गल्ली पायी चालणाऱ्याची आणि शेजाऱ्याची. मनिहारोंचा रस्ता लाखेच्या बांगड्या घडवतो, ठठेरोंच्या रस्त्यावर पत्रा ठोकण्याचा आवाज चालू असतो, खजानेवालोंच्या रस्त्यावर संगमरवरातून देव आकार घेतात. या गल्ल्या ‘पाहण्या’च्या नाहीत, त्यांत कामाच्या वेळा आहेत. सकाळची, दुपारची आणि दिवेलागणीची गल्ली या तीन वेगळ्या गल्ल्या असतात. गोविंददेवजींच्या मंदिरात दिवसातून सात झांक्या होतात आणि जुन्या शहराचा दिवस त्यांवर बेतलेला असतो. अर्ध्या दिवसाच्या पाहुण्याला त्यांपैकी एक मिळते, आणि त्याच एकीला तो जयपूर म्हणतो.

जंतरमंतरातील सम्राट यंत्राची कथा याहून बोलकी आहे. सुमारे सत्तावीस मीटर उंचीच्या या छायायंत्राची सावली मिनिटाला चार बोटांइतकी सरकते. काळ सरकताना साध्या डोळ्यांनी दिसावा, अशी ही जागा! शिवाय तेथे दिसणारी वेळ जयपूरची स्वतःची असते. घड्याळातील भारतीय प्रमाणवेळेशी तिचा मेळ घालायचा, तर केवळ रेखांशापोटी सुमारे सत्तावीस मिनिटे मिळवावी लागतात. पण ते दिसण्यासाठी मिनिटभर तरी स्वस्थ उभे राहावे लागते. वाटाड्या उंची सांगतो, मंडळी पाठमोरी होऊन छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. काळ मोजण्याच्या जगातील एका थोर साधनापाशी वेळ नाही म्हणून न थांबणे, यापेक्षा आपल्या पर्यटनावर कठोर भाष्य दुसरे कोणते असेल?

हवामहालाचेही तेच. १७९९ साली सवाई प्रतापसिंहाने तो बांधवला तो आतून बाहेर पाहण्यासाठी. पडद्यातील स्त्रियांना रस्त्यावरचे जीवन दिसावे, हा त्या ९५३ खिडक्यांचा हेतू. पाहण्यासाठी उभारलेली ही वास्तू आज रस्त्यापलीकडून केवळ पाहून संपवली जाते. आत जाऊन एखाद्या जाळीशी उभे राहून बाजार न्याहाळावा, असे किती जणांना वाटते?

मराठी प्रवाशाला तर जयपुरात थांबण्याची आणखी दोन कारणे आहेत, आणि ती त्याला कोणी सांगत नाही. पहिले कारण अभिमानाचे. जयसिंहाच्या ज्योतिषविषयक उद्योगात अग्रभागी असलेले जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबी पाठावरून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली. जयसिंहाचे गुरू रत्नाकर पौंडरीक हेही महाराष्ट्रीयच. ब्रह्मपुरीतील पुंडरीकजींची हवेली, भित्तिचित्रांच्या दालनासह, आजही संरक्षित वास्तू म्हणून उभी आहे. मराठी मंडळींच्या बस त्या भागाजवळून आमेरकडे जातात.

दुसरे कारण अभिमानाचे नाही, म्हणूनच अधिक महत्त्वाचे आहे. खंडणीच्या थकबाकीसाठी होळकरांची फौज जवळ येऊन ठेपली असता डिसेंबर १७५० मध्ये सवाई ईश्वरीसिंहाने विष घेऊन जीव दिला. पुढे १० जानेवारी १७५१ रोजी मराठ्यांच्या छावणीतील हजारो माणसे हे नवे शहर पाहायला, देवदर्शनाला आणि बाजारहाटाला आत आली. दुपारी दंगल उसळली, शहर त्यांच्यावर तुटून पडले, आणि मेलेल्यांची संख्या हजारांत गेली. जयपूर पाहायला आलेला मराठी माणसांचा पहिला मोठा समुदाय तो हाच म्हणावा लागेल. ईश्वरीसिंहाने १७४९ साली उभारलेला सरगासूली हा मनोरा त्रिपोलिया बाजारातून दिसतो. त्याच्याखाली लाखेच्या बांगड्यांचा भाव करताना आपण या शहराचे कोण होतो, हा प्रश्न मराठी माणसाला पडू नये, याला मी निवांतपणा म्हणणार नाही. त्याला विस्मरण म्हणतात. मुक्काम लागतो तो अशा प्रश्नांसाठी. सुंदर गोष्ट पाच मिनिटांतही दिसते. अवघड गोष्टीला दुसरा दिवस लागतो.

या प्रतिपादनावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. रजा मोजकी, पैसा बेताचा, बरोबर थकलेले आईवडील, मुलुख परका. अशा माणसाला सगळे एका फेरीत पाहावेसे वाटले, तर विद्वानांनी नाके का मुरडावीत? पुन्हा येणे कोणाच्या नशिबी आहे? शिवाय संघटित सहलींनी एकट्या, विधवा, प्रौढ स्त्रियांना घराबाहेर काढले, हे त्यांचे सामाजिक ऋण मान्य केलेच पाहिजे. ‘प्रवासी’ उच्च आणि ‘पर्यटक’ हीन, अशी जातवारी लावणाऱ्यांच्या पंक्तीला बसण्याची माझी इच्छा नाही. पण सोय करणे वेगळे आणि निवड करणे वेगळे. गाडी, जेवण, खोली यांची सोय दुसऱ्याने करावी. काय सोडायचे हे मात्र ज्याचे त्याने ठरवावे. त्याच आठ रात्री सहा शहरांत वाटायच्या की दोन शहरांत, यात पैशाचा प्रश्न फार थोडा आहे. थकलेल्या आईवडिलांना तर रोज पहाटे सामान आवरण्यापेक्षा एकाच ओसरीवर तीन संध्याकाळी बसणे अधिक मानवेल. गरिबांच्या नावाने जिचा कैवार घेतला जातो, ती यादी प्रत्यक्षात त्यांनाच अधिक दमवते.

या व्याधीतून आपले प्रवासवाङ्मयही सुटलेले नाही. विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत अडकून पडले. त्यांनी १८८३ मध्ये लिहिलेला आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘माझा प्रवास’ आजही वाचवतो, तो त्या अडकून पडण्यामुळे. झाशी त्यांनी पाहिली नाही, झाशीत ते राहिले. ‘अपूर्वाई’ १९६० साली आली. तिच्यामागेही परदेशातील महिनोन्‌महिन्यांचे वास्तव्य होते. पुढच्या अनुकरणकर्त्यांनी पु. ल. देशपांडे यांचा विनोद उचलला, मुक्काम उचलला नाही. परिणामी आपल्या ग्रंथालयांची कपाटे अशा पुस्तकांनी भरली आहेत, की ज्यांत विमानतळ, न्याहारी आणि वाटाड्याने सांगितलेली माहिती यांपलीकडे काही नाही. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने प्रवासवर्णन हाती घेताना पहिला प्रश्न विचारावा तो असा : लेखक येथे किती रात्री झोपला?

आता पाणी आणि प्रवाळ यांविषयी. जलमहाल ज्यात उभा आहे तो मानसागर रस्त्याच्या कडेने पाच मिनिटांत ‘होतो’. शहराच्या नाल्यांनी त्याची काय दशा केली, आणि ती सुधारण्याचे प्रयत्न कसे झाले, हे छायाचित्रात येत नाही. वारा फिरल्यावर वासातून येते. काठ ही बसायची जागा आहे. उदयपुरात पिछोल्याच्या गणगौर घाटाची पायरी माणसाला बसवते, म्हणून तो घाट.

प्रवाळाचे थोडे निराळे आहे. जयपूरच्या जोहरी बाजारात पोवळे मिळते ते रत्न म्हणून, तोळून, अंगठीत बसवण्यासाठी. मालवणच्या समुद्रातील प्रवाळ रत्न नव्हे, तो सजीव आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्याच पाण्यावर मच्छीमारांचेही पोट आहे, म्हणून तेथे अभयारण्याला विरोधही झाला. दगडासारखा प्रवाळ वर्षाला फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाढतो; नांगराचा एक फटका किंवा घाबरलेल्या पोहणाऱ्याची एक लाथ कित्येक वर्षांची वाढ मोडते. पाण्यावर तोंड खाली करून, हातपाय न झाडता, श्वास संथ ठेवून तरंगत राहणे, हीच तो पाहण्याची रीत. जो गडबडला त्याला गढूळ पाणी दिसते. म्हणजे समुद्रच येथे निवांतपणाची अट घालतो. आणि आपण काय करतो? बोट भरते, प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात, किनाऱ्यावर पुढची तुकडी खोळंबलेली असते.

तेव्हा आखणी जरूर करावी. जयपूरचे उदाहरण आखणीच्या विरुद्ध नाही, बाजूचेच आहे. फक्त ती स्थळांची न करता मुक्कामांची करावी. आठ रात्री हाती असतील, तर जयपुरात पाच : हे अवस्थान. उदयपुरात तीन : ही वसती. दोहोंत सुमारे चारशे किलोमीटरांचे अंतर आहे, तेव्हा वाटेत एखादे आसन पुरे. पाचांपैकी दोन दिवसांच्या रकान्यात काहीही लिहू नये. आणि मालवण? ते या खेपेस गाळावे. हिवाळ्यात समुद्र निवळ असताना, केवळ त्यासाठी, पुढे कधी जावे. न जमल्यास न जावे.

न पाहिलेले पुष्कळ मागे ठेवून परतणे, यात उणेपणा नाही. मालवण राहिले, असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र ते म्हणणाऱ्याला जयपूरला राहिलो, असेही म्हणता आले पाहिजे.