पटावरचे पैलवान

शेजाऱ्याची दुभती म्हैस घटकाभर आपल्या दारी बांधून, आपले घर दुधादुभत्याचे आहे असे गावभर सांगत सुटणारा एखादा गृहस्थ आढळला, तर आपण त्यास हसल्यावाचून राहणार नाही. परंतु हेच कृत्य एखाद्या जिल्ह्याने केले म्हणजे त्यास आपण अभिमान म्हणतो. बुलढाणा जिल्ह्याच्या कुस्तीविषयी आज जी दोन मते ऐकू येतात, त्या दोहोंच्याही मुळाशी ही म्हशीची गोष्ट आहे. एक पक्ष म्हणतो, ‘आमच्या जिल्ह्याने महाराष्ट्र केसरी दिला, आम्हांस काय कमी आहे?’ दुसरा म्हणतो, ‘आमच्याकडे मल्ल आहेतच कोठे? म्हणून तर बाहेरून आणावे लागतात.’ हे दोन्ही पक्ष परस्परांचे विरोधी दिसतात. वस्तुतः ते सख्खे भाऊ आहेत. पटावर खरोखर कोण आहे हे मोजण्याची तसदी दोघांपैकी एकानेही घेतलेली नाही.

प्रथम पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ. २०१८ च्या डिसेंबरात जालना येथे झालेल्या अंतिम कुस्तीत बाला रफिक शेख यांनी आदल्या वर्षीचे केसरी, पुण्याचे अभिजीत कटके, यांस ११ विरुद्ध ३ गुणांनी नमविले आणि मानाची गदा बुलढाण्याच्या नावावर जमा झाली. कुस्ती चोख झाली. विजेत्याच्या गुणांविषयी शंका घेण्यास तिळभरही जागा नाही. परंतु बाला रफिक शेख हे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याच्या खडकी गावचे. त्यांची तालीम झाली ती कोल्हापुरास व पुण्यास. बुलढाण्याचा त्यांच्याशी संबंध आला तो प्रवेशपत्रिकेपुरता. पुण्या-कोल्हापुरातील तालमींत एकाच वजनाचे अनेक तयार मल्ल असतात आणि जिल्ह्याच्या वाट्याला जागा मोजक्या येतात. म्हणून त्यांपैकी काही जण ज्या जिल्ह्यांत जागा रिकाम्या असतात त्या जिल्ह्यांच्या नावाने उतरतात. यात मल्लाचा दोष नाही. ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे मातीत घातली, त्याने मिळेल त्या दाराने आखाड्यात शिरावे हे रास्तच आहे. दोष आहे तो दार उघडून देऊन, आत आलेला पाहुणा आपल्याच घरी जन्मला असे सांगणाऱ्यांचा.

ही गोष्ट ज्यांच्या अगदी दाराशी घडली ते गाव धाड. बुलढाणा तालुक्याच्या टोकाला, मराठवाड्याच्या सीमेला लागून हे गाव आहे. सीमा ओलांडली की जालना जिल्हा सुरू होतो. म्हणजे बुलढाण्याच्या नावाची गदा जिंकली गेली ती धाडच्या शेजारच्याच जिल्ह्यात. आता धाड किंवा त्याच्या आसपासच्या एखाद्या खेड्यातील तेरा-चौदा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. वजन पंचेचाळीस किलो, बापाची जमीन कोरडवाहू, अंगात चपळाई आणि डोक्यात कुस्तीचे वेड. त्या गदेने ह्या मुलाच्या वाट्याला काय आले? त्याच्या गावी वस्ताद आला काय? आखाड्यात नवी माती पडली काय? त्याच्या पेल्यात पावशेर दूध अधिक आले काय? ह्या तीन प्रश्नांची उत्तरे ‘नाही’ अशी असतील, तर ती गदा बुलढाण्याची होती असे म्हणण्यात अर्थ तो काय राहिला? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, यापलीकडे त्यात काही नाही.

आता दुसरा पक्ष. ‘आमच्याकडे मल्लच नाहीत’ हे विधान करणारे मल्ल म्हणजे काय समजतात ते पाहिले पाहिजे. त्यांच्या लेखी मल्ल म्हणजे केसरी गटातला मल्ल. आणि केसरी गट तर ८६ किलोंच्या पुढचा. ह्या मापाने मोजू लागल्यास महाराष्ट्राचे सर्वांत मोठे दोन कुस्तीगीर मोजणीतून गळतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक स्पर्धेतील हे पहिले ऑलिंपिक पदक ५७ किलो गटातले होते. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले ते ५७ किलो गटात, आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले ते ६१ किलो गटात. ह्या दोघांपैकी एकही ज्या गदेला हात लावू शकला नसता, ती गदा हेच जर कुस्तीचे एकमेव माप असेल, तर दोष मापात आहे की मालात?

येथे केवळ न्यायाचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. सव्वाशे किलोंचा मल्ल पोसणे हे हत्ती पोसण्यासारखे काम. दूध, तूप, बदाम, अंडी, मटण यांचा खुराक वर्षानुवर्षे पुरवावयाचा, आणि एवढे करून गुडघा दुखावला की सारे मुसळ केरात. ज्या जिल्ह्यातील शेतकरी कापूस आणि सोयाबीन यांच्या भावाकडे डोळे लावून बसलेला असतो, त्या जिल्ह्याने हत्तींची स्पर्धा का करावी? पन्नास-साठ किलोंचा चपळ गडी तयार करणे हे त्याच्या ऐपतीतले काम आहे, आणि जगाच्या आखाड्यात त्याच गड्याने महाराष्ट्राचे नाव काढले आहे. परंतु आमच्या जत्रांतील फडांची रीत पाहा. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लावावयाच्या, मधल्या जोडांना शे-पाचशे रुपये द्यावयाचे, आणि वर्गणीचा सिंहाचा वाटा शेवटच्या एका जोडीच्या पदरात घालावयाचा. ती जोड बहुधा परजिल्ह्यातून, प्रसंगी परप्रांतातून आणलेली. आणि पुष्कळदा ती अर्धा तास एकमेकांच्या मानेवर हात ठेवून बरोबरीत सुटावयाची. लोक हलगीच्या तालावर घरी जातात, मल्ल मोटारीत बसून परगावी जातात, आणि गावचा पैसा त्यांच्याबरोबर जातो. गावच्या पोराच्या हाती राहते ती रेवडी!

कोणी म्हणेल, ‘मोठ्या मल्लांची कुस्ती पाहून पोरांस स्फूर्ती येते.’ येते, आम्ही नाकारीत नाही. परंतु स्फूर्ती म्हणजे दूध नव्हे. स्फूर्ती आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे जोर काढावयास उठला, तर त्याच्या पाठीशी उभा राहावयास वस्ताद हवा, अंग धुवावयास पाणी हवे आणि पोटात घालावयास काही हवे. ते नसेल, तर स्फूर्ती आठ दिवसांत विरते आणि पोरगा पुन्हा बांधावर जातो.

उसन्या मल्लांवर आखाडा चालविण्याचा परिणाम काय होतो, याचा एक दाखला जपानातून घेण्याजोगा आहे. तेथे धंदेवाईक कुस्तीच्या कंपन्या आहेत. आपल्याकडे जिला नुरा कुस्ती म्हणून हिणवतात, तोच तेथे उघड व्यवसाय आहे. निकाल आधी ठरलेला असतो आणि प्रेक्षकांसही ते ठाऊक असते. १९७२ साली जायंट बाबा यांनी स्थापन केलेली ‘ऑल जपान’ ही त्यांतील एक नामांकित कंपनी. बाबा १९९९ साली वारले आणि पुढच्याच वर्षी मालकिणीशी बेबनाव होऊन मित्सुहारु मिसावा हे बहुतेक सगळे कुस्तीगीर घेऊन बाहेर पडले. जपानी मल्लांपैकी कंपनीत राहिले ते दोघे, कावादा आणि फुची. कंपनीने काय केले? परदेशी मल्ल आणले, कोणत्याच कंपनीशी न बांधलेले मल्ल रोजावर घेतले, प्रतिस्पर्धी कंपनीशी कुस्त्या लावल्या. दुकान उघडे राहिले, हे खरे. परंतु पाहुण्यांनी पंगत भरते, वंश चालत नाही. विद्यापीठाच्या कुस्तीतून आलेला सुवामा हा मल्ल २००४ साली त्या कंपनीच्या आखाड्यात पहिल्याने उतरला आणि २००८ साली तिचा मुख्य पट्टा त्याने मिळविला, तेव्हा कोठे आपल्या अंगणात वाढलेला वारस कंपनीस लाभला. तात्पर्य इतकेच की, जेथे निकाल लबाडीचा असतो तेथेही मल्ल खरा लागतो, आणि तो घडविण्यास वर्षे लागतात. मग जेथे निकाल खरा आहे अशा आमच्या कुस्तीस ही गोष्ट का कळू नये?

आणि हा रोग एकट्या बुलढाण्याचा आहे असे समजून इतर जिल्ह्यांनी हात झटकू नयेत. २०२३ च्या नोव्हेंबरात संघटनांच्या भांडणापायी महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या: एक पुणे जिल्ह्यातील फुलगावी, दुसरी धाराशिव येथे. फुलगावी सिकंदर शेख जिंकले, धाराशिवास शिवराज राक्षे. परंतु फुलगावच्या अंतिम कुस्तीत सिकंदर यांच्यासमोर कोण उभे होते? तेच शिवराज राक्षे! २०२५ सालीही अहिल्यानगरास पृथ्वीराज मोहोळ आणि पुढे कर्जतला वेताळ शेळके, असे दोन केसरी झाले. गदा दुप्पट झाल्या म्हणून मल्ल दुप्पट होत नाहीत. पदाधिकाऱ्यांस मात्र वाटते की, आपण वेगळी स्पर्धा भरविली म्हणजे वेगळी कुस्ती निर्माण केली. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, हा साधा प्रश्न दोन्हीकडच्या मंडळींनी आपापल्या मंचावर बसून स्वतःस विचारावा.

एका आक्षेपास उत्तर देणे अवश्य आहे. ‘पोरांनी पुण्या-कोल्हापुरास जाऊ नये काय?’ अवश्य जावे. पाटोद्याचा मुलगा पुण्यास गेला नसता, तर जगापुढे कदाचित आलाही नसता. जाण्यात कमीपणा नाही; गावाने काही न देता त्याला जाऊ देण्यात आहे. खाशाबा हेलसिंकीस जावयाचे तेव्हा कोल्हापुरातील राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. त्या पदकावर कोल्हापूरचा हक्क होता, कारण कोल्हापूरने त्याची किंमत मोजली होती. हक्क सांगावयाचा तर तो असा सांगावा.

विदर्भास हे शिकविण्यासाठी बाहेरचा गुरू नको. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले आणि १९३६ साली त्या मंडळाच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ते पथक कोणाच्या तालमीतून उसने आणलेले नव्हते. पारतंत्र्यात जे साधले ते आज साधत नाही, याचे कारण पैसा नाही हे नव्हे. पैसा कोठे जातो हे आहे.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. जिल्ह्याच्या तालीम संघाने दरसाल एक पट जाहीर करावा. त्यात प्रत्येक मल्लाच्या नावापुढे वजन, गाव, तालीम आणि वस्ताद अशी चार घरे असावीत. पाहुणा मल्ल असेल तर तोही सन्मानाने लिहावा, पण पाहुणा म्हणूनच. निदान हलक्या वजनांतील जागा तरी ज्यांनी जिल्ह्याच्या मातीत घाम गाळला आहे त्यांच्यासाठी राखाव्यात. मुलींचे रकाने निराळे आणि भरलेले असावेत. सांगलीस २०२३ साली प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाल्यावर आता ‘मुली कोठे कुस्ती खेळतात?’ असे विचारण्याची सोय उरलेली नाही. आणि धाडपासून खामगावपर्यंतच्या जत्रा-समित्यांनी असा नियम करावा की, वर्गणीतला अर्धा पैसा शेवटच्या जोडीच्या आधीच्या कुस्त्यांत वाटला जाईल, व त्यातला काही भाग गावच्या आखाड्यास मिळेल.

असा पट पहिल्या वर्षी निघाला म्हणजे तो फार लहान असेल, आणि वाचून लाज वाटेल. वाटू द्या! दोन्ही पक्षांस मौन धारण करावयास लावण्याचे काम त्या लाजेने होईल. ज्यांस केसरीची घमेंड आहे त्यांस कळेल की केसरी आपल्या पटावर नाही. आणि ज्यांस मल्ल नाहीत असे वाटते, त्यांस त्या पटात पंचेचाळीस किलो वजनाचे, धाडकडच्या एखाद्या गावचे एक नाव सापडेल. त्या नावापुढे वस्तादाचे घर रिकामे असेल. ते भरणे हेच जिल्ह्याच्या कुस्तीचे खरे काम आहे.