रडीचा डाव

मागच्या रविवारी सकाळी सकाळीच ताईचा फोन. "अरे, तुझ्या भाच्याला जरा समजाव. शाळेच्या बुद्धिबळ स्पर्धेतून नाव काढून घेतो म्हणतोय."

भाचा सातवीत आहे. संध्याकाळी गेलो, तर स्वारी कॉम्प्युटरसमोर गाल फुगवून बसलेली.

"मामा, मी ढ आहे. ह्या खेळात सलग एकोणीस डाव हरलो. ज्याला डोकं असतं तो एकोणीस वेळा हरतो का?"

खेळ होता 'स्टारक्राफ्ट टू'. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तो ठाऊक असेल. २०१० साली आला आणि २०१७ पासून त्यातला बराचसा भाग फुकट खेळता येऊ लागला. दूरच्या ग्रहांवर तीन जमाती एकमेकींशी झुंजतात : माणसांचे टेरन, किड्यांसारखे झर्ग आणि प्रगत तंत्रज्ञानाचे प्रोटॉस. कामगार पाठवून खनिजं आणि वायू गोळा करायचा, त्यातून कारखाने उभारायचे, सैन्य तयार करायचं आणि शत्रूचा तळ मोडायचा. नकाशावर धुकं असतं. जिथे आपलं कुणी नाही, तिथे शत्रू काय करतोय ते दिसत नाही. म्हणून हेर पाठवावे लागतात.

"कुठल्या लेव्हलला खेळतोयस?"

"सगळ्यात वरच्या. बिल्डिंगमधला एक दादा म्हणाला, खालच्या लेव्हल बाळांच्या असतात."

पडद्यावर पाहिलं. तिथे लिहिलं होतं : 'चीटर थ्री'. पुढे कंसात 'इन्सेन'.

"चीटर म्हणजे काय रे?"

"फसवणारा. पण ते नुसतं नाव असेल नं, घाबरवायला?"

नाव कसलं, तो चक्क कबुलीजबाब होता! पण नुसतं सांगून त्याला पटलं नसतं. म्हणून शेवटच्या डावाची नोंद उघडली. संपलेला डाव ह्या खेळात पुन्हा बघता येतो, तोही दोन्ही बाजूंनी. आधी कामगार मोजले. दोघांचे जवळपास सारखेच. मग कमाईचा तक्ता उघडला. कॉम्प्युटरकडे खनिजं येण्याचा वेग भाच्यापेक्षा कितीतरी जास्त! कामगार तेवढेच, खाण तशीच आणि पगार मात्र भरमसाट. नंतर आणखी एक गंमत दिसली. भाच्यानं एका कोपऱ्यात गुपचूप छोटा तळ बांधला होता. कॉम्प्युटरनं तिकडे एकही हेर पाठवला नव्हता, तरी त्याचं सैन्य सरळ तिथेच चालत गेलं.

"अरे! ह्याला दिसत होतं सगळं?"

दिसत होतंच. ह्या खेळात कॉम्प्युटरच्या दहा पायऱ्या आहेत. 'व्हेरी ईझी'पासून 'एलिट'पर्यंतच्या पहिल्या सात पायऱ्यांवर तो तुमच्याच नियमांनी खेळतो. पायरी चढावी तसा त्याचा हात चलाख होतो, हल्ला लवकर येतो, सैन्य मोठं असतं. आठव्या पायरीवर, म्हणजे 'चीटर वन'ला, त्याच्यापुरतं धुकं नाहीसं होतं. आंधळ्या कोशिंबिरीत पट्टीखालून बघणारा भिडू असतो ना, तसा. नवव्या पायरीवर बघायला तर मिळतंच, वर कमाईही जास्त. म्हणजे 'व्यापार' खेळताना बँकवाल्यानं एकालाच गुपचूप जादा नोटा सरकवाव्यात, तसं. दहाव्या पायरीवर त्या नोटा आणखी वाढतात. आपण ह्याला रडीचा डाव म्हणतो.

आता उलटी बाजूही बघा. गल्लीत लपंडाव खेळताना धाकट्याला आपण लिंबूटिंबू करतो. तो सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. खालच्या पायऱ्यांवर कॉम्प्युटर तुम्हाला तसंच सांभाळून घेतो. उशिरा येतो, थोडंसंच सैन्य घेऊन येतो. तेव्हा मात्र "हा मुद्दाम हरतोय" अशी तक्रार कुणी करत नाही. आमच्या भाच्यानंही केली नव्हती!

मग खेळ बनवणारे कॉम्प्युटरला खरोखर हुशारच का करत नाहीत? कारण ते महाकठीण आहे. बुद्धिबळात चौसष्ट घरं, सगळा पट उघडा आणि एका वेळी एकच खेळी. इथे शंभरेक सोंगट्या एकदम हलतात, अर्धाअधिक पट झाकलेला, आणि विचार करायला घड्याळ थांबत नाही. शिवाय हे सगळं घरातल्या साध्या कॉम्प्युटरवर चालायला हवं. त्यापेक्षा त्याचा खिसा भरणं सोपं. ही युक्ती जुनीच आहे. १९९३ च्या 'मास्टर ऑफ ओरायन' ह्या अंतराळातल्या खेळात पाच पायऱ्या होत्या, सगळ्यात वरचीचं नाव 'इम्पॉसिबल'. वरच्या पायऱ्यांवर कॉम्प्युटरच्या साम्राज्यांना उत्पादनात सवलत मिळायची. नावात मात्र 'चीटर' हा शब्द नव्हता. त्या मानानं स्टारक्राफ्टवाले मला प्रामाणिक वाटतात.

खरा हुशार कॉम्प्युटर बनवायचा प्रयत्नही झाला. डीपमाइंड कंपनीनं 'अल्फास्टार' नावाचा खेळाडू तयार केला. तो स्वतःच्याच नकलांशी खेळून शिकला. चौदा दिवसांत त्यातल्या एकेका नकलेनं तब्बल दोनशे वर्षं पुरतील इतके डाव खेळले! जानेवारी २०१९ मध्ये त्याचे दोन व्यावसायिक खेळाडूंविरुद्धचे दहा डाव दाखवले गेले. दहाच्या दहा अल्फास्टारनं जिंकले. धुकं त्यालाही होतं. पण त्याच्या सैन्याला जेवढं दिसे तेवढं सगळं त्याला एकदम दिसे, माणसासारखा पडदा इकडेतिकडे सरकवावा लागत नसे.

त्याच दिवशी अकरावा डाव झाला, थेट प्रक्षेपणात, पडदा सरकवायची अट घालून. समोर पोलंडचा ग्झेगोश कोमिंच, खेळातलं नाव 'माना'. त्यानं काय करावं? एका उडत्या वाहनात दोन दणकट योद्धे भरले आणि अल्फास्टारच्या तळामागे उतरवले. अल्फास्टारचं सगळं सैन्य धावत परत फिरलं. मानानं योद्धे उचलले आणि वाहन दूर नेलं. सैन्य पुन्हा निघालं, की हा पुन्हा हजर! दोनशे वर्षांचा तो पहिलवान नुसता येरझाऱ्या घालत राहिला. तेवढ्यात मानानं आपलं सैन्य वाढवलं आणि डाव जिंकला.

हा भाग भाच्यानं माझ्याकडून तीनदा सांगून घेतला.

(आईबाबांना एक विनंती : मूल कॉम्प्युटरवर हरून रडत असेल, तर "बंद कर तो खेळ" म्हणण्याआधी पायरी कुठली लावलीय ते बघा.)

पुढं मात्र अल्फास्टारही सुधारला. ऑक्टोबर २०१९ मध्ये पडद्याची आणि हाताच्या वेगाची बंधनं पाळूनही तो क्रमवारीतल्या ९९.८ टक्के खेळाडूंच्या वर पोचला. म्हणजे कमाईची लबाडी न करता जिंकणारा कॉम्प्युटर बनतो. पण त्यामागे केवढा खटाटोप!

आम्ही पायरी 'हार्ड'वर आणली. कॉम्प्युटरनं कुठल्या चालीनं खेळायचं तेही इथे निवडता येतं : झटपट हल्ला, आधी कमाई किंवा थेट विमानं. आम्ही झटपट हल्ला निवडला. भाचा सहाव्या मिनिटाला हरला. लगेच नोंद उघडून कमाईचा तक्ता बघितला. ह्या वेळी लबाडी नव्हती. आमच्याच साहेबांनी सैनिक बनवायला उशीर केला होता. दुसऱ्या डावात हेर लवकर पाठवला आणि तो डाव बराच लांबला.

निघताना दारापर्यंत सोडायला आला.

"मामा, बुद्धिबळात समोरच्याला दोन वजीर देत नाहीत नं?"

"नाही रे."

"मग आईला सांग, नाव राहू दे."