भाषेचा दप्तरखाना कोणाच्या ताब्यात?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि सत्तेच्या दारात हारतुऱ्यांना तोटा राहिला नाही. परंतु भाषेचे वैभव घोषणांनी वाढत नसते. ती भाषा बोलणाऱ्या सामान्य माणसाला तिच्यात लिहिलेला कागद मिळतो काय, तो वाचता येतो काय, आणि त्या कागदावर त्याचा हक्क चालतो काय, हीच भाषेच्या प्रतिष्ठेची खरी कसोटी होय. संगणकाच्या युगात या कसोटीवर राज्यकर्त्यांचे भाषाप्रेम साफ उघडे पडते.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद रुमालांत बांधलेले आहेत. त्यांतील बहुतेक मोडीत आहेत. प्रत्येक लिपीच्या अक्षराला संगणकात ठराविक क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये मोडीला स्थान मिळाले ते २०१४ साली. हा मूठभर इतिहाससंशोधकांचा प्रश्न आहे, असे मानणाऱ्यांचे डोळे २०२३ साली उघडावयास हवे होते. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, जुनी दप्तरे बाहेर निघाली, आणि मोडी वाचणारी माणसे शोधत फिरण्याची पाळी शासनावर आली. आरक्षणाविषयी कोणाचे मत काहीही असो. पणजोबाचे नाव ज्या कागदात आहे तो कागद पणतूला परका व्हावा, याची लाज ज्या राज्यकर्त्यांना वाटत नाही त्यांनी अभिजाततेचे ढोल कशासाठी वाजवावेत?

यावर ‘कागदपत्रांचे स्कॅनिंग चालू आहे’ हे ठरीव उत्तर मिळते. स्कॅन म्हणजे कागदाचे छायाचित्र. ते वाचन नव्हे. छायाचित्रात गावाचे नाव शोधता येत नाही. त्यासाठी मजकूर अक्षरशः उतरवावा लागतो. २०२५ साली रूडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारी संगणकप्रणाली जाहीर केली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु असे यंत्रही जाणकार माणसांनी आधी वाचून दिलेल्या पानांवरच शिकते. मोडी वाचकाला पगार न देता मोडी वाचणारे यंत्र मिळेल, ही कल्पना म्हणजे बी न पेरता पिकाची वाट पाहणे आहे.

आणि जे सार्वजनिक पैशाने उभे राहिले त्याचे काय झाले? बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. लाखो भारतीय पुस्तके तीत आली. पुढे स्वामित्वहक्काचे वाद निघाले आणि ते दालन बंद पडले. हयात लेखकाचा हक्क जपलाच पाहिजे. परंतु लेखकाच्या मृत्यूला साठ वर्षे उलटून जी पुस्तके कायद्यानेच सर्वांची झाली, त्यांचेही दार त्याबरोबर का लागावे? आज त्यांतील असंख्य पुस्तके वाचकाला सापडतात ती सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’मध्ये.

कोशांची कथा याहून वेगळी नाही. मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश आणि १९३२ पासून पुण्यात निघू लागलेला दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश संगणकावर चाळावयाचे तर अभ्यासक शिकागो विद्यापीठाच्या दारी जातो. तेथे ते विनामूल्य आहेत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पण अमेरिकेतील विद्यापीठांची भारतीय दालने कशी भरली, हेही विसरता येत नाही. ‘पी. एल. ४८०’ खाली आलेल्या धान्याची किंमत रुपयांत जमा होत असे. त्याच रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन तिकडे धाडली. येथील गरिबाने रेशनच्या रांगेत उभे राहून मिलो आणि तांबडा गहू घेतला. त्याच्या पैशाने ग्रंथसंग्रह मात्र समुद्रापलीकडे वाढले.

‘फुकट मिळते ना, मग मालकीचा घोळ कशाला?’ असा शहाजोग प्रश्न येथे विचारला जातो. दान आणि हक्क यांत फरक आहे, हे त्याचे उत्तर. दाता उदार आहे तोवर दार उघडे. उद्या अनुदान आटले तर दाद कोणाकडे मागणार? शिवाय सगळेच दाते विद्यापीठे नसतात. आज बड्या कंपन्या भाषायंत्रे घडविण्यासाठी मराठी मजकूर गोळा करीत आहेत. मोल्सवर्थसाठी शब्द वेचणाऱ्या शास्त्रीमंडळींना लोक विसरले, कोश साहेबाच्या नावे राहिला. नव्या व्यवहारातही तेच घडत आहे: श्रम बोलणाऱ्यांचे, मालकी भांडवलाची.

दुसरा मार्ग नाहीच, असे नाही. ज्या आफ्रिकेची भाषिक संपत्ती साम्राज्यवाद्यांनी अशीच नोंदवून नेली, तेथील संशोधकांनी २०१९ पासून ‘मसाखाने’ ही चळवळ चालविली आहे. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ ‘आपण मिळून उभारू या’. स्वाहिली, हौसा, योरूबा यांसह दहा भाषांतील विशेषनामे ओळखण्याचा नमुनासंग्रह २०२१ साली त्यांनी सिद्ध केला, तो त्या भाषा बोलणाऱ्यांना बरोबर घेऊन, आणि सर्वांसाठी खुला ठेवला. मराठी समाजाजवळ माणसे कमी नाहीत. कमी आहे ती राजकीय इच्छा.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. सार्वजनिक पैशाने स्कॅन झालेले प्रत्येक पान जनतेला विनामूल्य मिळाले पाहिजे, आणि त्याची प्रत एकाहून अधिक सार्वजनिक संस्थांत राहिली पाहिजे. मोडी वाचकांना मानधनाच्या तुकड्यावर न राबविता कायम पदे दिली पाहिजेत. लोकांच्या मजकुरावर पोसलेली यंत्रे लोकांना खुली झाली पाहिजेत. आणि १९६७ च्या कायद्याखालील गावोगावच्या ग्रंथालयांत संगणक येण्याआधी तेथील सेवकाला पोटापुरते वेतन मिळाले पाहिजे. उपाशी ग्रंथपालाच्या हाती वारशाची किल्ली देणे ही थट्टा आहे.

भाषेचा प्रश्न साहित्य संमेलनाच्या मांडवात सोडून देण्याची चूक पुरोगामी कार्यकर्त्यांनी यापुढे करू नये. सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारात धरणे धरणाऱ्याला दप्तराचे मोल शिकवावे लागत नाही. ज्याच्या हाती दप्तर, त्याच्या हाती सत्ता, हे गावकुसातील प्रत्येक कुळाला ठाऊक आहे. आज दप्तराने रूप बदलले आहे. लढा तोच आहे.